आईच्या बाजूची वंशावळ

कॅनडाच्या उत्तरेला मॅकेन्झी नदीच्या काठी फोर्ट गुड होप नावाचं डेने लोकांचं गाव आहे. बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात नदी आणि तळी गोठली की बर्फावरून गाड्या जातात, एरवी विमान. आरोग्यकेंद्र आहे, पण बाळंतपणाची सोय नाही. अशा गावांतल्या गरोदर बाईला ३६ ते ३८ वा आठवडा लागला की विमानात बसवून यलोनाइफ किंवा इनुविकला धाडतात. दोन-चार आठवडे ती परक्या गावात वाट बघत बसते. सोबत येणाऱ्याचा खर्च सरकार अनेक वर्षं देत नव्हतं. तो नियम २०१७ मध्ये बदलला. म्हणजे बाळ जन्मायचं तेव्हा बाप शेकडो किलोमीटरवर, आणि जन्मनोंदणीचा फॉर्म बाईच्या हातात. बापाच्या रकान्यात नाव घालायचं तर बऱ्याच ठिकाणी त्याची सही लागते. सही कुठून आणायची? नंतर बघू म्हणून ती रकाना कोरा ठेवते आणि परतीचं विमान पकडते.

त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ सरकारदरबारी वर्षानुवर्षं एकच लावला गेला: बाप दाखवलेला नाही, अर्थात तो ‘इंडियन’ नाही. मग पोराची नोंद एका पायरीने खाली, आणि त्या पोराच्या पोरांची कदाचित नोंदच नाही. आईची जमात कुणाला ठाऊक नाही असं नसतं. सगळ्या गावाला ठाऊक असते. पण आईच्या बाजूने मोजायची सवय त्या कायद्याला कधी नव्हतीच.

(इथे ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे. कॅनडाच्या कायद्यात आदिवासींसाठी हाच शब्द आहे, आणि कायद्याचं नावही अजून ‘इंडियन ॲक्ट’. तिथले लोक स्वतःला डेने, ग्विचिन, मोहॉक, अनिशिनाबे म्हणवतात. कायद्याबद्दल बोलताना मात्र तो शब्द टाळता येत नाही.)

उत्तरेतल्या आदिवासी स्त्रीहक्क-कार्यकर्तीचं काम समजून घ्यायचं तर सुरुवात या रकान्यापासून करावी लागते. तिची मोठी लढाई एका हिशेबाशी आहे: कोण आपलं, हे बापाकडून मोजायचं, आणि कागदावर असेल तेवढंच मोजायचं. हा हिशेब अन्यायाचा आहे, आणि समाजाच्या मुळावर येणाराही आहे. महाराष्ट्रात ज्यांनी जात पडताळणी समितीसमोर कागदांचं बोचकं सोडलं असेल त्यांना तो ओळखीचा वाटेल.

आधी तिकडचा इतिहास. १८६९ च्या कायद्याने ठरवलं, इंडियन बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की ती इंडियन राहणार नाही. १८७६ च्या इंडियन ॲक्टने ते उचललं. १९५१ मध्ये केंद्रीय नोंदवही आली आणि कलम १२(१)(ब) मध्ये हाच नियम पक्का बसला. पुरुषाला उलटा न्याय: त्याने गोऱ्या बाईशी लग्न केलं तर ती गोरी बाईच इंडियन ठरायची, हक्कांसकट. उत्तरेत सरकारने आदिवासींशी केलेला १९२१ चा करार क्रमांक ११ लागू आहे. त्यानुसार माणशी दर वर्षी ५ डॉलर मिळतात, आणि लाल डगल्यातल्या पोलिसाच्या साक्षीने ते वाटले जातात. रांगेत भाऊ उभा, त्याची गोरी बायको उभी, आणि सख्खी बहीण कडेला, अशी ही व्यवस्था. ज्या बाईचं नाव कापलं जायचं तिला टोळीच्या (इंग्रजीत ‘बँड’, कायद्याने मानलेला आदिवासी गट) सामाईक पैशातला वाटा आणि पुढच्या २० वर्षांचे कराराचे पैसे एकरकमी देऊन हिशेब मिटवायचे. पाच गुणिले वीस, शंभर डॉलर.

दक्षिणेकडे राखीव जमिनीवर राहणाऱ्यांचं नुकसान आणखी उघड होतं. घर, वारसा, गावातला मुक्काम आणि मेल्यावर गावच्या दफनभूमीतली जागा, सगळं जायचं. काहनावाकेच्या मोहॉक मेरी टू-ॲक्स अर्ली यांनी साठच्या दशकात यावर आवाज उठवला तेव्हा त्यांचं वय पन्नाशीपुढे होतं. १९७५ मध्ये त्या मेक्सिको सिटीच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेला गेल्या असताना इकडे त्यांच्या हाती घर सोडण्याची नोटीस पडली. नोटीस काढणारी टोळीची परिषद होती, सरकारने ती पाठवली नव्हती.

कोर्टातली कहाणी उत्तरेतून सुरू होते, हे फारसं कुणी सांगत नाही. १९६७ मध्ये यलोनाइफच्या एका हॉटेलात जोसेफ ड्रायबोन्स हा माणूस दारूच्या नशेत सापडला. राखीव क्षेत्राबाहेर नशेत असणं हा इंडियन माणसासाठी वेगळा गुन्हा होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम निकामी ठरवलं: वंशामुळे एखाद्यासाठी गुन्हाच वेगळा असेल तर ती कायद्यापुढची समता नव्हे. हाच धागा धरून मॅनिटूलिन बेटावरच्या विक्वेमिकाँगच्या, बाहेर लग्न केल्याने नाव कापलं गेलेल्या जॅनेट कॉर्बिएर लावेल कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या, फेडरल अपील कोर्टात जिंकल्या, आणि ऑगस्ट १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा फरकाने हरल्या. दोन्ही निकालांत मुख्य मत लिहिणारे न्यायमूर्ती एकच, रिची. दुसऱ्या वेळचा त्यांचा युक्तिवाद असा, की सगळ्या इंडियन बायकांना सारखंच वागवलं जातंय, मग विषमता कुठे आहे? दारू पिणाऱ्या पुरुषाची तुलना गोऱ्या नागरिकाशी, आणि लग्न करणाऱ्या बाईची तुलना फक्त दुसऱ्या बाईशी. ग्यानबाची मेख ती इथे.

त्या खटल्यात लावेल यांच्या विरोधात देशातली सर्वांत मोठी आदिवासी संघटना, नॅशनल इंडियन ब्रदरहुड, उभी होती. याबद्दल तिला पुरुषी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांच्या भीतीला आधार होता. चारच वर्षांपूर्वी, १९६९ मध्ये, सरकारने इंडियन ॲक्टच गुंडाळून आदिवासींना ‘इतर नागरिकांसारखं’ करण्याचा प्रस्ताव मांडला होता. समतेच्या नावाखाली वेगळी जमीन आणि करारांचे हक्क जातील, या धास्तीने देशभर विरोध झाला आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. अशा वेळी एका कलमाला समतेची कात्री लावली तर उद्या सगळा कायदा फाटेल, हे पुढाऱ्यांचं म्हणणं खुळं नव्हतं. शिवाय घरं अपुरी, निधी तुटपुंजा. परत येणाऱ्या बायकांना ठेवायचं कुठे?

तरीही ती भूमिका चुकीची होती. जमीन वाचवण्यासाठी सर्वांनी झीज सोसायची असेल तर ती निम्म्या समाजाच्याच वाट्याला का? आणि नियम जमातीच्या परंपरेतून आलाय म्हणावं, तर मोहॉक समाजात कुळ आईकडून चालतं. बापाकडून मोजायचा नियम गोऱ्यांनी आणला. तो इतका अंगवळणी पडला की पुढे तीच ‘आमची रीत’ म्हणून सांगितली जाऊ लागली.

उत्तरेत १९७७ मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजची नेटिव्ह विमेन्स असोसिएशन उभी राहिली. ती उभारणाऱ्यांत ग्विचिन समाजाच्या बर्था ॲलन अग्रभागी होत्या; मूळच्या युकॉनमधल्या ओल्ड क्रो या गावच्या. दक्षिणेतल्या बायका घराच्या चावीसाठी भांडत होत्या. इकडे राखीव क्षेत्रं जवळपास नाहीतच, त्यामुळे प्रश्न वेगळ्या रूपात येत होता: करार, शिकार, औषधपाणी, आणि शिक्षण नसल्याने नोकरी नाही. संघटनेने यलोनाइफमध्ये प्रशिक्षणाचं काम हाती घेतलं. या बायकांची नावं कायद्याच्या पुस्तकात येत नाहीत, कारण त्यांनी खटले लढवले नाहीत. माणसं उभी केली. दोन्ही लागतात.

खटल्याच्या वाटेने शेवटी पुढे गेल्या त्या न्यू ब्रन्सविकमधल्या टोबिकच्या सँड्रा लव्हलेस. देशातली सगळी दारं बंद झाल्यावर १९७७ च्या अखेरीस त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार केली. १९७९ च्या जुलैमध्ये टोबिकच्या बायका मुलाबाळांना घेऊन ओकापासून राजधानी ओटावापर्यंत चालत गेल्या, जवळपास १०० मैल. समितीचा निर्णय जुलै १९८१ मध्ये आला. स्त्री-पुरुष भेदभावाच्या मुद्द्यावर समितीने थेट निकाल दिला नाही, कारण लव्हलेस यांचं लग्न १९७० चं, आणि समिती ज्यावर चालते तो नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार कॅनडाला लागू झाला १९७६ मध्ये. समितीने बोट ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीवर: नवऱ्यापासून वेगळी झालेली ही बाई आज आपल्या माणसांत, आपल्या भाषेत राहू इच्छिते आणि तिला राहता येत नाही, हे त्या कराराच्या कलम २७ चं, म्हणजे अल्पसंख्याकांच्या संस्कृतीच्या हक्काचं, उल्लंघन. वकिली करणाऱ्यांनी यातून शिकण्यासारखं बरंच आहे. समतेचं दार तारखेमुळे लागलं, संस्कृतीचं उघडलं.

आणि मग १९८५. एप्रिलमध्ये सी-३१ हा दुरुस्ती कायदा लागू झाला, जुलैमध्ये मेरी टू-ॲक्स अर्ली यांना त्यांचं नाव परत मिळालं. या दुरुस्तीखाली परत आलेलं ते पहिलं नाव. पुढच्या काळात लाखाहून अधिक लोक नोंदीत आले. लढाई जिंकली, असं सगळ्यांना वाटलं. तेव्हाच कायद्याने नवी कात्री बसवली, आणि ती समजायला बोटं मोजावी लागतात.

नोंदीचे दोन प्रकार झाले, कलम ६(१) ची आणि कलम ६(२) ची. ६(१) चा जोडीदार बाहेरचा असेल तर मूल ६(२). ६(२) चा जोडीदार बाहेरचा असेल तर मूल नोंदीबाहेर. दोघेही नोंदीतले असले तर मूल ६(१). म्हणजे लागोपाठ दोन पिढ्यांनी बाहेर लग्न केलं की खेळ संपला. आता १९८५ पूर्वी बाहेर लग्न केलेले भाऊ-बहीण घ्या. भावाची बायको लग्नानेच इंडियन झालेली, त्यामुळे त्याची मुलं ६(१), आणि त्या मुलांनी बाहेर लग्न केलं तरी नातवंडं ६(२). बहिणीचं नाव परत आलं खरं, पण नवरा बाहेरचाच राहिला. मुलं ६(२), त्यांनी बाहेर लग्न केलं की नातवंडं शून्य. आजी-आजोबा तेच, रक्त तेच, फरक एवढाच की एक नातवंड मुलाकडचं आणि दुसरं मुलीकडचं. ब्रिटिश कोलंबियातल्या शॅरन मॅकायव्हर यांनी १९८९ मध्ये यावर दावा लावला. २००७ मध्ये खालच्या कोर्टात जिंकल्या, २००९ मध्ये अपील कोर्टाने विजयाला कात्री लावली, २०११ मध्ये सी-३ हा दुरुस्ती कायदा आला आणि त्यानेही काही जण वगळलेच. उरलेल्या भेदभावावर बोट ठेवणाऱ्या २०१५ च्या क्यूबेकमधल्या डेशनो निकालानंतर २०१७ मध्ये एस-३ ही दुरुस्ती आली, आणि तिचा शेवटचा भाग ऑगस्ट २०१९ मध्ये लागू झाला. तेव्हा कुठे १८६९ पासूनच्या बायकांच्या वंशजांना पुरुषांच्या वंशजांइतकं मिळालं. दाव्यापासून तीस वर्षं. दोन पिढ्यांची ती कात्री मात्र २०१९ नंतरही जागेवर राहिली, आता बाई-पुरुष दोघांना सारखीच. समता झाली, पण कापणं थांबलं नाही.

या सगळ्याचं रोजचं रूप कार्यकर्तीच्या टेबलावर दिसतं. नोंदणीच्या अर्जाला जन्माचा तपशीलवार दाखला लागतो, आईबापांची नावं असलेला. खिशात मावणारा छोटा दाखला चालत नाही. बरेच अर्ज इथेच परत येतात. मग ओळखपत्र, फोटो, ओळख पटवणाऱ्याची सही. आजीचं नाव चर्चच्या वहीत एका स्पेलिंगचं, करार-यादीत दुसऱ्या, निवासी शाळेच्या नोंदीत तिसऱ्याच. मग तीन नावांची बाई एकच आहे याचं शपथपत्र. दत्तक गेलेल्याची फाइल बंद पाकिटात. बापाचा रकाना कोरा असेल तर एप्रिल २०१७ पर्यंत जवळजवळ भिंतच होती. त्या महिन्यात ऑन्टारियोच्या अपील कोर्टाने लिन गेल यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यानंतर कायद्यात आलं की बाप किंवा आजोबा अज्ञात असला तरी इतर पुरावे बघावेत आणि त्यातून निघणारा प्रत्येक वाजवी निष्कर्ष अर्जदाराच्या बाजूने काढावा. हे वाक्य कायद्यात घालायला एका बाईचं अर्धं आयुष्य गेलं.

मग दुसरा रस्ता आहे का? आहे, आणि तो उत्तरेतच आहे. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांना इंडियन ॲक्ट लागूच नाही. त्यांच्या नुनावुत या प्रदेशासाठी सरकारशी झालेल्या १९९३ च्या कराराचं कलम ३५ बघा: माणूस हयात असावा, कॅनडाचा नागरिक असावा, इन्युइट रीतीनुसार इन्युक (इन्युइटचं एकवचन) असावा, स्वतःला इन्युक म्हणवत असावा, आणि तिथल्या एखाद्या गावाशी किंवा प्रदेशाशी त्याचा संबंध असावा. ठरवणार गावाची समिती. रक्ताची टक्केवारी नाही, बाप-आईचा क्रम नाही, दुसऱ्या पिढीची कात्री नाही. इन्युइट समाजात दत्तक देण्याची रीत सर्रास आहे; बापाकडून मोजणारा नियम तिथे पहिल्याच वर्षी मोडून पडला असता.

अर्थात गावाच्या हाती दिलं की बायकांचं भलं होतंच, असा भाबडेपणा नको. मे १९९७ मध्ये त्याच नुनावुतमध्ये सार्वमत झालं: विधानसभेसाठी प्रत्येक मतदारसंघातून एक पुरुष आणि एक स्त्री निवडावी का? ५७ टक्के मतदारांनी नाही म्हटलं. आणि मेरी टू-ॲक्स यांची नोटीस टोळीच्या परिषदेनेच काढली होती. म्हणून निर्णय समाजाकडे असावा, पण चौकट घटनेची. कॅनडाने १९८३ च्या दुरुस्तीने ती घातली आहे: कलम ३५(४), आदिवासी आणि कराराचे हक्क स्त्री-पुरुषांना सारखेच.

आता आपल्याकडे. भारतात आदिवासी बाईने बाहेर लग्न केलं तर तिची जमात जात नाही. ती जन्माने ठरते. कॅनडाने ११६ वर्षं जे केलं ते आपण केलं नाही. घोडं अडतं ते पुढच्या पिढीत. आई आदिवासी आणि बाप बिगर-आदिवासी असेल तर मूल बापाचंच, असं गृहीत धरलं जायचं. जानेवारी २०१२ मध्ये रमेशभाई नाईका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे गृहीतक खोडून काढता येतं. मूल आईने आईच्या समाजात वाढवलं, त्या समाजाने आणि बाहेरच्यांनीही त्याला तसंच वागवलं, त्याने तेच भोगलं, हे दाखवता आलं तर मूल आदिवासी. नुनावुतच्या कलमाशी ताडून बघा. वाढणं, वागवलं जाणं, समाजाशी नातं, भाषा जवळपास तीच आहे.

पण निकाल दिल्लीत लागतो आणि अर्ज तपासला जातो जिल्ह्याच्या गावी. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ नुसार सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा हवा: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४, कोतवाल बुकातली नोंद, रक्तनात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र. आणि रक्तनातं म्हणजे बापाकडचं. आईच्या भावाकडे वैधता असली तरी ती फाइलमध्ये शोभेची. एकल आईच्या मुलाला तर पहिल्याच रकान्याला ठेच लागते. बाप कोण, कुठला, त्याचे कागद कुठे, तो देणार का? ज्याने घर सोडलं त्याच्याच आजोबांचा दाखला शोधत आईने फिरायचं. पुढे दक्षता पथकाची चौकशी आणि ॲफिनिटी टेस्ट: देव कोणते, लग्नातले विधी कोणते, बोली येते का. ही उत्तरं बहुतेक मुलं आईकडूनच शिकलेली असतात, पण ती जोडून पाहिली जातात बापाच्या वंशावळीशी. ही टेस्ट म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये बजावलं आहे.

बोगस आदिवासी हा खरा प्रश्न आहे, आणि पडताळणीची ही यंत्रणा १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून त्यासाठीच आली. खऱ्या आदिवासींच्या जागा लाटल्या गेल्यात, त्यांचा राग रास्त आहे. पण बोगस दावेदार येतो तो आडनावाच्या साधर्म्यावर, खाडाखोड केलेल्या दाखल्यावर, बहुतेक वेळा बापाच्याच बाजूने. आईकडून मोजणं बंद ठेवल्याने तो अडत नाही. अडते ती मेळघाटातली किंवा धडगावची बाई, जिचा नवरा बाहेरचा होता आणि आता नाही.

करायचं काय, ते फार अवघड नाही. आई जमातीची असेल आणि मूल तिच्याकडे वाढलं असेल तर आईच्या बाजूची वंशावळ आणि मामाची, मावशीची, आजोळची वैधता पुरावा म्हणून घ्यावी, हे नियमातच लिहावं. म्हणजे प्रत्येकीला २०१२ च्या निकालाची प्रत घेऊन हायकोर्टाची पायरी चढायला नको. वाढ कुठे झाली हे अंगणवाडीच्या नोंदीत, शाळेच्या हजेरीपटावर, रेशनकार्डावर, लसीकरणाच्या कार्डावर असतंच. ग्रामसभेचं म्हणणं लेखी घ्यावं, पण एकटं तेवढंच धरू नये. गावकीचा राग बाईवर निघतो तेव्हा तो ठरावातही उतरतो.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव असा क्रम सक्तीचा झाला आहे. ही मुलं साधारण २०४० च्या सुमारास अकरावी-बारावीला पडताळणीचा अर्ज भरतील. त्यांच्या दाखल्यावर आईचं नाव बापाच्या आधी छापलेलं असेल. सोबत जोडायच्या शपथपत्रातली वंशावळ मात्र आजही खापरपणजोबापासून बापापर्यंत सरळ रेषेत उतरते, आणि तिच्यात आईसाठी चौकोनच आखलेला नसतो.